बेचाळीसजणींची आई

मार्च लागला की आमच्या रस्त्यावरचे कडुनिंब मोहरतात आणि त्याच सुमाराला दहावीची मुलं परीक्षेला निघतात. सकाळी दूध घेऊन येताना मला दोन्ही एकदम भेटतात. फुटपाथवर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो, आणि त्यावरून हातात पॅड घेतलेली, ओठ हलवत काहीतरी पाठ म्हणणारी मुलं खडकी स्टेशनाकडे जात असतात. फुलांचा तो कडवट-गोड वास आला की लोकांना पाडवा आठवत असेल. मला हेवा आठवतो.

हेवा हाच शब्द. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी माणसाने याहून बरा शब्द शोधावा, हे मला कळतं. शोधूनही पाहिला. सापडला नाही.

माझी आई एका कन्याशाळेच्या बोर्डिंगची रेक्टर होती. बुधवार पेठेतल्या एका बोळात दुमजली, लाकडी जिन्याची इमारत होती. आता तिथे मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकणारी दुकानं आहेत. मी मध्यंतरी एकदा तिथून इअरफोन घेतले आणि दुकानदाराला उगाचच म्हटलं, "इथे वर आमचा आजारी मुलींचा हॉल होता." तो म्हणाला, "काकू, गॅरंटी नाही हं याला."

माझे वडील खडकीच्या कारखान्यात होते. मी चार वर्षांची असताना काविळीने गेले. क्वार्टर सोडावं लागलं. आई मॅट्रिक झालेली होती, एकोणतीस वर्षांची होती आणि तिला मी होते. कुणाच्या तरी ओळखीने ही जागा मिळाली. राहायला तळमजल्यावर एक खोली, दोघींचं जेवण, आणि बेचाळीस मुली.

तिथे एक नियम होता. आईने तो पहिल्याच आठवड्यात मला समजावून सांगितला. खोलीबाहेर पडलं की तिला 'आई' म्हणायचं नाही, 'बाई' म्हणायचं.

"का?"

"या सगळ्या मुली आई सोडून आल्यात. त्यांच्यासमोर तू मला आई म्हणून हाक मारलीस, तर त्यांना काय वाटेल?"

मला काय वाटेल, हे विचारायचं तिला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि वेळ नसेल. तिला कशालाच वेळ नसायचा. पहाटे पाचला घंटा, मग अंघोळीच्या रांगा, प्रार्थना, न्याहारी, शाळा. संध्याकाळी पाढे. रविवारी सकाळी अंगणात पाटावर बसून ती एकेकीच्या डोक्यातून फणी फिरवायची. मुली रांगेने येत, तिच्या पुढ्यात पाठ करून बसत, आणि आई डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरून मान स्थिर करायची. त्या हनुवटी धरण्याकडे मी टक लावून बघत बसायचे. शेवटी माझा नंबर लागे तोवर ऊन डोक्यावर आलेलं असे आणि आईचे हात दुखत असत. मग ती म्हणे, "तुझे केस साफच आहेत गं. जा."

मी मुळात फार आजारी पडत नसे. हे माझं दुर्दैव. त्या मुलींना ताप यायचा, पोटात दुखायचं, घरची आठवण येऊन डोकं दुखायचं. आई त्यांच्या कपाळावर पालथा हात ठेवायची. ज्या मुलींचे वडील अडाणी होते त्यांच्यासाठी ती गावच्या मास्तरांच्या नावाने पत्रं लिहायची, म्हणजे मास्तर ती वडिलांना वाचून दाखवतील. 'आपली कन्या सुखरूप आहे. गणितात मागे होती, आता बरी आहे. काळजी नसावी.' माझ्या गणिताबद्दल तिने कधी कुणाला पत्र लिहिलं नाही. लिहिणार कुणाला?

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात. मला तो शब्द ऐकला की थोडं हसू येतं, थोडा रागही येतो. मुलगे शिकायला पुण्यात आले ते फार आधीपासून. माधुकरी मागून, वार लावून, सोमवारी एका घरी तर मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून ते शिकले, मोठे झाले, आणि पुढे त्या दिवसांबद्दल भाषणंही केली. मुलीला कोण वारावर जेवू घालणार? तिला कुणाच्या ओटीवर झोपू देणार? गावातली चौथी-सातवी संपली की तिचं शिक्षण संपायचं, आणि ते चालू राहायला अशी बोर्डिंगं निघावी लागली. लोखंडी खाटा, आमटी-भाकरी, खिडक्यांना गज आणि दारात एक बाई. त्या दारातून आत गेलेल्या मुली बाहेर पडल्या त्या शिक्षिका, नर्स, तलाठी होऊन. हे सगळं मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की नुसत्या विटांनी माहेर होत नाही, त्याला कुणाची तरी आई लागते. त्या बेचाळीसजणींच्या माहेरासाठी माझी लागली.

आणि मग शालन आली.

तिचे वडील तिला फलटणकडून एसटीने स्वारगेटला घेऊन आले आणि तिथून चालत बोर्डिंगपर्यंत. एक पत्र्याची ट्रंक, एक भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. ती अकरा वर्षांची होती, माझ्याहून एका वर्षाने मोठी. तिची आई त्याच वर्षी गेली होती. वडील दारातच हात जोडून म्हणाले, "बाई, हिला आता कुणी न्हाई. तुमच्या पदरात हाय."

शालनने ते शब्दशः घेतलं. तिने आईचा पदर धरला आणि आठ दिवस सोडला नाही. रडली नाही, काही मागितलं नाही. आई स्वयंपाकघरात गेली की ती मागे, आई हिशेबाच्या टेबलाशी बसली की ती पायाशी, हातात पदराचं टोक. आणि माझी आई, जी मला दिवसातून चार वेळा "नंदू, पदर सोड, कामात आहे मी" म्हणायची, ती त्या आठ दिवसांत एकदाही पदर झटकून मोकळी झाली नाही. उलट बसताना तो थोडा जास्त सोडून बसायला लागली.

मी दहा वर्षांची होते. शालन मरावी असं मला वाटत नव्हतं. ती परत जावी असं वाटत होतं. तेसुद्धा अगदी रोज नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये कांजिण्यांची साथ आली. आधी एक मुलगी, मग तिच्या शेजारच्या खाटेवरची, मग एकदम चार. आठवड्याभरात अकराजणी. त्यांत शालन होती. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. मुलींना एसटीत बसवून गावी पाठवायची सोय नव्हती, म्हणून डॉक्टरांनी वरचा हॉल वेगळा करायला सांगितला. जिन्याला एक दोरी बांधली गेली आणि तिच्यावर कडुनिंबाचे डहाळे लटकवले. दोरीच्या पलीकडे अकराजणी आणि आई. अलीकडे बाकी सगळ्या आणि मी. मला रात्री स्वयंपाकीणबाईंजवळ झोपायला पाठवलं. आई वरच राहायला गेली.

त्या दिवसांतली मला आई आठवते ती मनगटापासून पुढे. जिन्याच्या वरच्या पायरीवर ताटं ठेवायची आणि खाली यायचं. मग दाराआडून एक हात येई, त्यातल्या दोन काचेच्या बांगड्या वाजत, आणि ताट आत जाई. वरून आवाज येत. आई गोष्टी सांगत होती. मला ठाऊक नसलेल्या गोष्टी. मुली हसत. कांजिण्या झालेल्या मुली इतक्या हसतात? गच्चीवर निंबाच्या पाण्यात उकळलेल्या चादरी वाळत असत. सगळ्या बोर्डिंगला तो वास होता, आणि खाली रस्त्यावरच्या झाडाला मोहोर. मी अंगणात भूगोलाचं पुस्तक घेऊन बसायचे आणि नद्या पाठ करण्याऐवजी वरच्या खिडक्या मोजायचे.

स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "बाईंचा हात फार गुणाचा. पोरींना आईची आठवण म्हणून होत नाही."

मी जेवण टाकून उठले. त्यांना वाटलं आमटी तिखट झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जिन्याखाली उभे राहून आईशी बोलत होते. "एकीची दुसरीला पटकन लागते. जवळ बसू नका, पांघरुणं बदलू नका, गालाला गाल लावणं वगैरे तर मुळीच नको." ते आईने खालच्या मुलींना सांगायचे नियम होते. मी ते कृती म्हणून ऐकले. रव्याचे लाडू कसे करावेत हे ऐकावं तसे.

त्या दुपारी आई चादरी उकळायला अंगणात उतरली. मी दोरीखालून वर गेले. हॉलमध्ये पडदे ओढलेले होते आणि सगळ्या झोपल्या होत्या. कुणाच्याही खाटेवर जाता आलं असतं. मी शालनच्या खाटेवर गेले. आजारी पडायचंच तर जिच्यामुळे आई सर्वांत जास्त गेली, तिचंच दुखणं घ्यावं, असं काहीतरी माझ्या मनात असावं. तिच्या पांघरुणात शिरले. ती तापाने तव्यासारखी गरम होती. अंगाला गुलाबी औषधाचा आणि पाल्याचा वास. मी माझा गाल तिच्या गालाला लावला आणि नीट घासला. ते फोड गालाला लागले. घाण वाटली नाही. अभ्यास पुरा केल्यासारखं वाटलं. तिने झोपेत कूस बदलली आणि हात माझ्या अंगावर टाकला. मी तशीच पडून राहिले. मग जिन्यावर बादलीचा आवाज आला तेव्हा निसटून खाली आले.

त्यानंतर मी वाट बघितली. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून गळा, पाठ, कानामागे. एकदा हनुवटीवर लाल ठिपका दिसला. दिवसभर मी कुणाशी भांडले नाही, इतकी खूश होते. तो डास निघाला. पंधरा दिवस गेले, वीस गेले. मुलींच्या खपल्या पडल्या, दोरी निघाली, परीक्षा सुरू झाली. माझ्या अंगावर काही उमटलं नाही.

शेवटी मी आईलाच गाठलं. ती अंगणात डहाळे गोळा करून पेटवत होती.

"मला का नाही आल्या?"

"काय?"

"कांजिण्या."

"तुला कशा येतील? तुला येऊन गेल्यात. पुन्हा येत नाहीत त्या."

"कधी?"

"दोन वर्षांची होतीस. खडकीच्या क्वार्टरमध्ये." आई धुरातून बाजूला झाली. "एकवीस दिवस मांडीवरून उतरली नव्हतीस. मी जेवायचेसुद्धा तुला घेऊन, डाव्या हाताने. उजव्या हातात तुझे दोन्ही हात धरलेले असायचे. सोडले की ओरबाडून घ्यायचीस. तुझे बाबा म्हणायचे, हिला आता मांडीची सवय लागणार. लागलीच. पण तू का विचारतेस?"

"सहज."

या उत्तराने मला बरं वाटायला हवं होतं, असं आज ही गोष्ट ऐकणारा कुणीही म्हणेल. मला संताप आला. एकवीस दिवस! संपूर्ण आई, दुसरं कुणी नाही, डाव्या हाताने जेवणारी आई मला मिळाली होती आणि त्यातला एक क्षण मला आठवत नव्हता. शालनला तिचे सगळे दिवस आठवणार होते. आणि ती दोन वर्षांची, खडकीच्या क्वार्टरमध्ये मांडीवर पसरलेली पोर, तिचाही मला हेवा वाटला. घंटा झाली आणि आई गेली.

मुली मोठ्या झाल्या, पण गेल्या मात्र नाहीत. आई निवृत्त झाली, माझं लग्न झालं, मुलगी झाली, मी सरकारी कचेरीत टेबल बदलत निवृत्त झाले, यजमान गेले, मुलगी बंगळुरात स्थायिक झाली, आई माझ्याकडे राहायला आली. आणि तिच्यामागोमाग त्या आल्या. साठीच्या, सत्तरीच्या बायका, गुडघे धरत माझे दोन मजले चढून येतात आणि माझ्या दिवाणखान्यात लहान होतात. "बाई, तुम्ही होतात म्हणून." मी चहा करते. कपबशा विसळते. माझ्या घरात, माझ्या आईपाशी, मी पुन्हा रांगेत शेवटची.

या मार्चमध्ये शालन आली. ती शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. मुलाने गाडी दिली होती, चालकासकट. आईच्या पाया पडली आणि बसल्याबसल्या म्हणाली, "बाई, मी तुम्हाला न्यायला आलेय."

तिच्या फलटणकडच्या घरात म्हणे आता आठ मुली राहतात. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या. तिकडे शाळा सातवीपर्यंत, पुढे एसटीचा भरवसा नाही, म्हणून आईबाप मुलींना घरी बसवतात. शालनने आधी एक ठेवून घेतली, मग तिची बहीण आली, मग आठ झाल्या. दोघी यंदा दहावीला.

"एकीचा गणिताचा पेपर आहे सोमवारी. रात्रंदिवस रडतेय. तुम्ही आठ दिवस चला. काही करू नका. नुसत्या तिथे बसून राहा."

आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ती लगेच उठली. "नंदा, माझी निळी पिशवी काढ."

"अगं, एवढ्या उन्हात? डॉक्टरांना विचारायला हवं."

"डॉक्टर मला चालायला सांगतात. कुठे चालायचं ते सांगत नाहीत."

मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं भांडं जरा जोरात ठेवलं. आणखी आठ. बेचाळीस पुरल्या नव्हत्या.

शालन मागोमाग आत आली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "त्या पोरींना मी तुझी गोष्ट सांगते, माहितेय?"

"माझी?"

"कांजिण्यांची. सगळ्या आमच्यापासून लांब पळायच्या. दोरी होती जिन्याला. आणि तू आलीस. बाईंची मुलगी. माझ्या पांघरुणात शिरलीस, गालाला गाल लावलास. मी जागी होते गं. डोळे उघडले नाहीत. उघडले तर जाशील असं वाटलं. आई गेल्यापासून असं कुणी जवळ झोपलं नव्हतं. बाईसुद्धा नाहीत, त्यांना अकराजणी होत्या. मी पोरींना सांगते, माणूस असं असावं."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला.

मी गप्प बसू शकले असते. कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण मी बोलले. "शालन, मी तुझ्यासाठी नव्हते आले. मला लागण हवी होती. तुझ्यासारखं आजारी पडायचं होतं, म्हणजे आई माझ्याजवळ बसली असती. मला तुझा राग यायचा."

आता मला विचाराल, का सांगितलंस, तर खरेपणासाठी सांगितलं असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे माझी आई होती, आईच्या गोष्टी होत्या, तो पदर होता. त्यावर आणखी माझीही एक चांगली आठवण तिच्याकडे असावी, हे मला बघवलं नाही.

शालनचा चेहरा उतरला. चौसष्ट वर्षांच्या बाईचा चेहरा अकरा वर्षांच्या मुलीसारखा उतरू शकतो, हे मी पाहिलं. ती गाळणं घेऊन चहा गाळू लागली. तीन कप भरले. एक आईला नेऊन दिला, परत आली, आपला कप हातात घेतला आणि प्यायली नाही. मला वाटलं, आता ही निघून जाईल आणि पुन्हा येणार नाही. मी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हे होतं, आणि मला ते नको झालं होतं.

मग ती म्हणाली, "बाई चादरी उकळायला उतरल्या होत्या ना?"

"हो."

"म्हणजे तासभर तरी. बाई वर आल्या तेव्हा तू गेलीस." तिने कप खाली ठेवला. "लागण व्हायला गाल लावला की झालं, नंदा. मग तासभर काय करत होतीस?"

खरंच, काय करत होते? तिचा हात अंगावर होता. पडदे ओढलेले होते. मला बहुतेक झोप लागली होती.

"मी पोरींना जुनीच गोष्ट सांगणार," शालन म्हणाली आणि पदराने डोळे टिपून बाहेर गेली.

आईला जिना उतरवायला आम्ही दोघी होतो. शालनने उजवा हात धरला, मी डावा. आई चालकाशेजारी बसली, कारण तिला पुढचं दिसायला हवं असतं. शालन मागे बसली. तिने पलीकडे सरकून जागा केली नाही आणि दारही लावून घेतलं नाही. मी पिशवी आत ठेवली, औषधांच्या वेळा दोनदा सांगितल्या. मग दाराला धरून तशीच उभी राहिले. आई आता त्या रडणाऱ्या मुलीच्या कपाळावर पालथा हात ठेवणार होती. हेवा गेला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

"मी येऊ का?" मी विचारलं.

शालनने आईकडे बघितलं. आईने काच खाली केली.

"विचारतेस काय? आठ दिवसांचे कपडे घे. आणि गणित तुझं बरं नव्हतं, ते तिथे कुणाला शिकवायला जाऊ नकोस."

शालन खिडकीकडे तोंड करून हसली, आणि पलीकडे सरकली. मी जिना चढायला लागले, या गुडघ्यांना झेपेल त्याहून जरा भरभर.